डेकचा रंग

माझं काम काय असं कोणी विचारलं की मी सांगते, मला अमेरिकेचा टीव्ही बघायचा पगार मिळतो. लोक हसतात. पण खरंच तसं आहे. सिंगापूरला, क्वीन्सटाउनमध्ये एका बिल्डिंगच्या चौथ्या मजल्यावर आमची छोटीशी कंपनी आहे आणि माझ्या टेबलावर दोन मोठ्या स्क्रीन. अमेरिकेत रात्रीचे आठ वाजतात तेव्हा इथे सकाळचे आठ. म्हणजे त्यांचे सगळ्यात भांडकुदळ कार्यक्रम सुरू होतात तेव्हा मी अंघोळ करून, कोपीचा, म्हणजे इथल्या कॉफीचा, कप घेऊन, फ्रेश बसलेली असते. डाव्या स्क्रीनवर सरकारच्या विरोधातलं चॅनेल, उजव्या स्क्रीनवर सरकारच्या बाजूचं. दोन्ही ऐकायचं, तुकडे कापायचे, प्रत्येक तुकड्यापुढे विषय लिहायचा, फायदा कोणाला ते लिहायचं, सूर चांगला की वाईट ते लिहायचं. दहा वाजता सगळ्याची एक नोट करून क्लायंट्सना पाठवायची. संपलं.

मला मजा यायची, खोटं कशाला बोलू. निवडणुकीचं वर्ष होतं, वर युद्ध चालू. एकच भाषण डावीकडे लाजिरवाणं असायचं आणि उजवीकडे ऐतिहासिक. मी घरी जाऊन आईला दोन्हींची नक्कल करून दाखवायचे. आई हसायची, पण अर्धवटच. कारण युद्ध आखातात होतं आणि बाबा तेलाच्या टँकर जहाजावर होते.

बाबा चीफ इंजिनियर आहेत. आम्ही चोआ चू कांगला राहतो, पण बाबा वर्षातले सहा-सात महिने पाण्यावरच. त्यांचा रोज दुपारी एक मेसेज येतो आणि त्यात फक्त जेवण असतं. "आज राजमा." "आज मासे, कच्चे." "आज कुक आजारी, अंडी." बस. तब्येत, हवा, इंजिन, सगळं त्यातच समजून घ्यायचं. पण आखातात शिरायच्या आदल्या दिवशी त्यांनी फोन केला आणि म्हणाले, "आता तीन दिवस मी गप्प. कॅप्टन सगळ्यांचं इंटरनेट बंद करणार. जहाजाचा सिग्नलपण बंद, त्यामुळे तुझ्या त्या ॲपवर दिसणार नाही. घाबरायचं नाही."

"घाबरत नाहीये," मी म्हटलं.

"तू नाही गं. आईला सांग."

आई शेजारीच उभी होती. स्पीकर चालू होता.

आता आमचा फॅमिली ग्रुप. त्यात आम्ही तिघं, आणि बाबांची दोन भावंडं, दोघंही अमेरिकेत. काका न्यू जर्सीला, तो उजव्या चॅनेलचा. आत्या कॅलिफोर्नियाला, ती डाव्या चॅनेलची. आत्या काकापेक्षा मोठी, त्यामुळे तो तिला ताई म्हणतो आणि मग हवं ते बोलतो.

"ताई, काल तुमचं चॅनेल बघितलं आणि मला पण वाटलं जग बुडालं. मग खिडकी उघडून बघितली. होतं जागेवर."

"तुझी खिडकी न्यू जर्सीत आहे रे. आखातात उघडून बघ."

"आखातात आपला दादा आहे, तो बघतोय. सरकार त्याचं रक्षण करतंय."

"सरकारनेच पाठवलंय का त्याला तिथे? तेल कंपनीने पाठवलंय. डोकं गहाण टाकलंयस तू."

हे रोज. आई ग्रुपवर कधीच काही लिहायची नाही. फार तर कोणाच्या वाढदिवसाला फुलांचा फोटो.

गप्प राहण्याच्या दुसऱ्या दिवशी, सकाळी आठ वाजून काही मिनिटं झाली असतील, डाव्या स्क्रीनवर एक जळणारं जहाज आलं.

मी आधी सवयीने तुकडा कापायला सुरुवात केली. शप्पथ. हात आपोआप चालले. विषय, जहाजवाहतूक. फायदा, विरोधी पक्षाला. सूर, वाईट. आणि मग खालची पट्टी वाचली. आखातात टँकरवर हल्ला. मी आवाज वाढवला. नाव सांगतील, आत्ता सांगतील. चार लोक चौकटीत बसले होते आणि एक म्हणत होता की याचा परिणाम कोणत्या राज्यात किती होईल. दुसरी म्हणाली, पेट्रोल महागलं की मतदार माफ करत नाहीत. नाव सांगा ना! मी मोठ्यांदा म्हणाले. मराठीत. आख्खं ऑफिस वळून बघायला लागलं.

उजवीकडे तर जहाजच नव्हतं. उजवीकडे एका सभेत किती गर्दी झाली ते चालू होतं. दहा मिनिटांनी तिथे बातमी आली तीही अशी, की विरोधक एका तथाकथित हल्ल्याचं भांडवल करतायत. तथाकथित. मी एका स्क्रीनवर जळणारं जहाज बघतेय आणि दुसऱ्या स्क्रीनवर ते जळतच नाहीये.

बाबांच्या कंपनीच्या इथल्या ऑफिसला फोन लावला. एंगेज. परत लावला. एंगेज. ॲप उघडलं, जहाज दोन दिवसांपूर्वी जिथे होतं तिथेच, राखाडी ठिपका.

मग मला सुचलं. मी तो तुकडा थांबवला आणि मोठा केला. धुराच्या खालून डेक दिसत होता, थोडासा. लाल. विटकरी लाल. माझ्या फोनमध्ये बाबांचा एक फोटो आहे, हातमोजे घातलेत, अंगठा वर केलाय, आणि पायाखाली डेक आहे हिरवागार. मी तो फोटो स्क्रीनला लावून बघितला. हिरवा. लाल. हिरवा. लाल. मला रडूच आलं एकदम, आनंदाने. आणि मी टाइप केलं. मी फार फास्ट टाइप करते.

"बाबांचं नाहीये!!! डेक लाल आहे, बाबांचा हिरवा!! मी ऑफिसात दोन्ही चॅनेल बघतेय, कन्फर्म!!!"

आत्याने हात जोडलेले पाठवले. काकाने लिहिलं, "शाब्बास बेटा. बघ ताई, तुझ्या चॅनेलने घाबरवलं उगाच." आत्याने लिहिलं, "माझ्या चॅनेलने दाखवलं म्हणून तिला डेक दिसला. तुझ्या चॅनेलवर समुद्र तरी आहे का?"

आणि आईने लिहिलं, "बरं."

एवढंच. मला वाटलं, सुटली बिचारी.

पाऊण तास मी हवेत होते. नोट लिहायला घेतली. जहाजाची बातमी तिसऱ्या नंबरवर घातली. मग वुडलँड्सला राहणाऱ्या माझ्या एका मैत्रिणीचा मेसेज आला, हे खरं का गं, तुझे बाबा तिकडेच आहेत ना? खाली एक फॉरवर्ड. "सिंगापूरच्या मीडियातील सूत्रांकडून कन्फर्म. जळणारे जहाज भारतीय खलाशांचे नाही. खोट्या बातम्यांना बळी पडू नका." खाली निवडणुकीची घोषणा आणि झेंडा.

मी दोनदा वाचलं. सिंगापूरच्या मीडियातील सूत्रं. ती मी होते! मी, आणि माझी तीन उद्गारचिन्हं. काकाला फोन लावला.

"काका, तू माझा मेसेज कुठे पाठवलास?"

"आमच्या ग्रुपवर टाकला फक्त. लोक घाबरले होते गं इथे. का?"

"पण मी भारतीय खलाशी वगैरे कुठे म्हटलं?"

"अगं, दादाचं जहाज नाही म्हणजे तेच झालं ना."

"तेच नाही झालं, काका!"

"ओरडू नकोस. चांगलीच बातमी आहे."

आणि तेवढ्यात, फोन कानाला असताना, उजव्या स्क्रीनवर एक माणूस इतका खूश होऊन बोलायला लागला की मी बघतच राहिले. त्याने दोन चित्रं शेजारी शेजारी लावली होती. डाव्या चॅनेलने दाखवलेला व्हिडिओ जुना होता. कित्येक वर्षांपूर्वीचा, दुसऱ्याच समुद्रातला. खोटारडे पकडले गेले, तो म्हणत होता. म्हणजे हल्ला झालाच नाही का? हे तो सांगत नव्हता. डावीकडे पाच मिनिटांनी माफी आली, व्हिडिओ चुकीचा होता, हल्ला मात्र खरा आहे. कोणत्या जहाजावर? हे ते सांगत नव्हते.

तेव्हा मला कळलं. ज्यावर हल्ला झाला ते जहाज हे लाल डेकचं नव्हतंच. म्हणजे जे खरंच जळतंय त्याचा डेक कुठलाही असू शकतो. हिरवापण. आणि मी आईला सांगून बसले होते, कन्फर्म.

ग्रुपवरचा मेसेज डिलीट केला. काकाने पाठवलेला कसा डिलीट करणार? आईला फोन लावला, वाजत राहिला. परत लावला. आमची टीम लीड, पन्नाशीची, इथलीच, माझ्या खुर्चीमागे कधी येऊन उभी राहिली कळलं नाही. तिने डावी स्क्रीन बघितली, मला बघितलं, आणि माझी बॅग उचलून माझ्या मांडीवर ठेवली. "यू गो होम लाह. आय डू युअर नोट."

एमआरटीत, म्हणजे इथल्या मेट्रोत, मी बसलेच नाही, सीट रिकाम्या होत्या तरी. जुरोंग ईस्टला गाडी बदलताना चुकीच्या बाजूला पळाले, रोज जाते तरी. पूर्ण रस्ता वाक्यं जुळवत होते. आई, मी चुकले. आई, तसं नक्की नाहीये. आई, अजून कळलं नाहीये. प्रत्येक वाक्यानंतर तिचा चेहरा कसा होईल ते दिसायचं आणि वाक्य मोडायचं. मला बाबांच्या भीतीइतकीच त्या चेहऱ्याची भीती वाटत होती. कदाचित जास्त.

दार उघडंच होतं. आई स्वयंपाकघराच्या फरशीवर बसून फरशी पुसत होती. कोरडी फरशी. फोन ओट्यावर उलटा पडलेला.

"आई."

तिने वर बघितलं नाही. "लवकर आलीस."

"आई, ऐक ना, मी सकाळी जे लिहिलं..."

"मला माहितीये," ती म्हणाली. "लाल आहे."

"हो, पण..."

"लालच आहे गं त्यांचा डेक." तिने हातातलं फडकं माझ्यापुढे धरलं. ते बाबांच्या जुन्या बॉयलर सूटचं होतं, पाय कापून आई त्याची फडकी करते. त्यावर विटकरी डाग. "मागच्या वर्षी इथे दुरुस्तीला, ड्राय डॉकला आलं होतं ना जहाज? आख्खा डेक रंगवला. हे किती वेळा धुतलं, निघत नाहीत डाग. हिरवा कधीच गेला."

मी ते फडकं आठवडाभर बघत होते. स्वतः वापरलंसुद्धा होतं.

म्हणजे काय झालं होतं ते मला हळूहळू कळलं आणि मी खालीच बसले. सकाळी साडेआठला सगळ्या ग्रुपने हात जोडले, शाब्बास म्हटलं, तेव्हा आईला एकटीला कळलं होतं की जळणारं जहाज बाबांचं असू शकतं. माझ्याकडून. उद्गारचिन्हांसकट. आणि तिने "बरं" लिहिलं होतं.

"तू बोलली का नाहीस?"

"तू किती खूश होतीस," आई म्हणाली.

"आई, तो व्हिडिओ जुना आहे. खोटा आहे. ते जहाज वेगळंच आहे, कित्येक वर्षांपूर्वीचं!"

तिने पहिल्यांदा माझ्याकडे नीट बघितलं. "नक्की?"

आणि मला नक्की म्हणता येईना. "व्हिडिओ जुना आहे एवढं नक्की," मी म्हटलं. "बाकी काहीच माहीत नाही."

"चालेल," आई म्हणाली. तेवढं तिला पुरलं, तेवढ्या वेळापुरतं. तिने मला जवळ घेतलं, फडकं हातात तसंच.

पुढचे दोन दिवस मी सांगू शकत नाही कसे गेले. कंपनीचा फोन एकदा लागला, ते म्हणाले आमच्याकडे माहिती नाही, लाइन मोकळी ठेवा. मी ऑफिसला गेले कारण घरी टीव्ही लावायची आईने बंदी केली होती. दोन्ही स्क्रीनवर आता जहाज नव्हतंच. एका उमेदवाराने दुसऱ्याच्या बायकोबद्दल काहीतरी म्हटलं होतं. दोन्हीकडे तेच, सकाळी आठ ते दहा. मी तुकडे कापत राहिले. ज्या जहाजावरून एवढं भांडले त्याचं नाव शेवटपर्यंत दोघांपैकी कोणीच घेतलं नाही.

तिसरा दिवस उलटून गेला. चौथ्या दिवशी दुपारी पावणेएकला मी सूप घेऊन हॉकर सेंटरच्या, म्हणजे खाण्याच्या टपऱ्यांच्या मंडईतल्या, रांगेतून बाहेर पडत होते आणि फोन थरथरला.

"आज राजमा."

मी सूप सांडलं. एका आजोबांच्या चपलेवर. ते "आय्या" म्हणाले आणि मी त्यांना सॉरी म्हणता म्हणता रडायला लागले, तेच मला टिश्यू द्यायला लागले.

संध्याकाळी बाबांचा फोन आला, बंदरातून. हल्ला खरा होता. यांच्या पुढे चाललेल्या जहाजावर झाला. यांना धूर दिसला. कोण होतं त्यावर, वाचले का, बाबांना तेव्हा माहीत नव्हतं, किंवा सांगायचं नव्हतं. मी मूर्खासारखं विचारलं, "बाबा, त्याचा डेक कुठल्या रंगाचा होता?"



"जळताना रंग कुठे दिसतो गं," ते म्हणाले. मग लगेच आवाज बदलून, "माल भरून याच रस्त्याने परत. पुन्हा तीन दिवस गप्प. आईला सांग."

आई शेजारीच होती. स्पीकर चालू होता.

फोन ठेवला तेव्हा ग्रुपवर काका आणि आत्या पुन्हा सुरू झाले होते. देवाची कृपा, सरकारची कृपा, जहाज खरं, व्हिडिओ खोटा. काकाने लिहिलं, "मग शेवटी कोणाचं चॅनेल बरोबर निघालं? पुतणी सांगेल, ती मीडियात आहे." मी टाइप करायला लागले, फास्ट, लांबलचक, दोघांना झापायला. आईने माझ्या हातावर हात ठेवला. मग स्वतःचा फोन घेतला, चष्मा लावला, आणि एक एक अक्षर शोधत त्या ग्रुपवर तिने कित्येक महिन्यांत पहिल्यांदा एक पूर्ण वाक्य लिहिलं.

"आज त्यांच्याकडे राजमा होता."

आईने भिंतीवरच्या कॅलेंडरवर पुढच्या तीन दिवसांवर पेन्सिलने बारीक खुणा केल्या आणि फरशी पुसायचं फडकं धुवायला घेतलं.