प्रमोदिनीबाईंचा उजवा डोळा

प्रमोदिनीबाई लांभाते यांनी आयुष्याची चोवीस वर्षं काचेच्या कुप्यांकडे बघण्यात घालवली, आणि त्याबद्दल त्यांची कधी तक्रार नव्हती. इंदूरच्या सांवेर रोडवरच्या एका औषधांच्या कारखान्यात त्या इंजेक्शनच्या कुप्या तपासायच्या. समोर दिवा, मागे एक काळा फळा आणि एक पांढरा. कुपी उचलायची, हलकेच फिरवायची, आधी काळ्यासमोर धरायची, मग पांढऱ्यासमोर. आत काचेचा कण किंवा धाग्याचा तंतू तरंगताना दिसला की कुपी बाद. हे सगळं नुसत्या डोळ्यांनी. कारखान्यात त्यांच्यासारखी नजर कुणाची नव्हती, हे त्या स्वतःही सांगायच्या आणि दुसऱ्यांनाही सांगायला लावायच्या.

सासरचं घराणं होळकरांच्या फौजेतलं. सून कारखान्यात जाणार म्हटल्यावर सासरे नानासाहेब आठ दिवस जेवणाच्या ताटावर फुगून बसले होते. पण माणूस कसा असतो बघा. पुढे त्याच नानासाहेबांचा हट्ट असा की रक्तदाबाची गोळी सुनेनं उजेडात धरून "पास" म्हटल्याशिवाय ते तोंडात टाकायचे नाहीत. मग घराची रीतच पडली. खोकल्याचं औषध असो की ताकदीची गोळी, बाई खिडकीशी जाणार, वरखाली फिरवून बघणार आणि पास करणार. पाकिटावर काय लिहिलंय ते मात्र त्यांनी कधी वाचलं नाही. कारखान्यात ते काम पलीकडच्या पॅकिंगवाल्या बायकांचं होतं आणि त्या बायकांना या जरा कमीच लेखत.

ते दिवस त्यांना फार आठवतात. सकाळी राजवाड्याहून टेम्पोत कोंबून घेऊन आठजणी जायच्या. वीस मिनिटं कुप्या बघायच्या, मग दहा मिनिटं डोळे मिटून बसायचं, असा नियम होता. त्या मिटल्या डोळ्यांच्या दहा मिनिटांत आठ संसार बोलून व्हायचे. अमिताचं लग्न कसं मोडता मोडता राहिलं, द्वारकाबाईंनी दिराला कसं वठणीवर आणलं, सगळं अंधारात ऐकलेलं. आज त्यांतल्या तिघी या जगात नाहीत. त्यांचे चेहरे पुसट झालेत, आवाज मात्र जसेच्या तसे आहेत, आणि दुपारी सगळे बाहेर गेले की बाई मुद्दाम डोळे मिटून बसतात.

नातू पीयूष झाला तेव्हा बाईंनी निवृत्तीला सहा वर्षं बाकी असताना नोकरी सोडली. सून रुची बँकेत, तिची नोकरी टिकावी म्हणून सासूनं आपली सोडली, असं सगळे म्हणाले. रुची तर येईल त्या पाहुण्याला हे सांगायची. बाई त्या वेळी उठून चहा टाकायला जायच्या.

मागच्या दिवाळीत त्यांच्या डाव्या डोळ्यासमोर एक डाग आला. जिकडे बघावं तिथे मधोमध पुसल्यासारखं. उजवा चांगला होता, म्हणून घरात कुणाच्या ध्यानात आलं नाही आणि बाईंनी येऊ दिलंही नाही. पण आता हा एकच उरला, ही धास्ती त्यांना झोपू देईना. डॉक्टरकडे जायचं तर रुचीला सांगावं लागणार. त्यापेक्षा त्या चारचौघांत एवढंच म्हणायच्या, "हल्ली डोळे जरा थकतात."

इंदुरात असं म्हणायची खोटी. गावाबाहेर राऊला राहणाऱ्या, कारखान्यातल्या अमितानं डोळ्यांच्या गोळ्या धाडल्या. पुण्याची भाची क्षितिजा माशाच्या तेलाच्या गोळ्या देऊन गेली. शेजारच्या विनीतानं दोन डब्या आणल्या, वर म्हणाली, "आंटीजी, एकदम नॅचरल है, नुकसान काहीच नाही." बाईंनी एकेक गोळी उजेडात धरली. कुठे डाग नाही, तडा नाही. पास. मग सगळ्या गोळ्या सुपारीच्या पितळी डब्याच्या खणांत ओतल्या आणि रिकाम्या बाटल्या कचरा गाडीत दिल्या. जेवण झालं की प्रत्येक खणातली एक.

हृदयाचे ठोके चुकतात म्हणून चार वर्षांपासून त्यांना रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती. ती गोळी वेगळी आणि ही ताकद वेगळी, असा त्यांचा हिशेब.

फाल्गुनात दंडावर निळे डाग दिसू लागले. मग एका दुपारी नाकातून रक्त सुरू झालं ते तासभर थांबेना. रुची बँकेतून धावत आली आणि त्यांना हृदयाच्या डॉक्टरकडे घेऊन गेली. रक्त थांबल्यावर डॉक्टरांनी विचारलं, "और क्या लेती हैं?"

"काही नाही," बाई म्हणाल्या. आणि त्या खोटं बोलत नव्हत्या. त्यांच्या लेखी ते औषध नव्हतंच.

घरी आल्यावर रुचीनं, बाई जेवणानंतर ज्यातून काहीतरी तोंडात टाकायच्या तो सुपारीचा डबा उघडला आणि प्रत्येक खणातली एकेक गोळी तळहातावर काढली. "आई, हे सगळं एकसाथ घेत होत्या तुम्ही? किसीसे पूछा भी नहीं?"

"मी बघितलं होतं ना. एकदम साफ आहेत."

कुठली गोळी कशाची हे डब्यावरून कळेना. रुचीनं तिघींना फोन करून बाटल्यांवरचं एकेक नाव लिहून घेतलं. चारपैकी तीन गोळ्यांत व्हिटॅमिन ई निघालं, तेही भरपूर, आणि चौथी माशाच्या तेलाची. रक्त पातळ करणाऱ्या गोळीवर हे सगळं चढत गेलं होतं. ती यादी घेऊन दोघी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे गेल्या. डॉक्टर उदयसिंह तरुण होते आणि बोलणं गोड करून सांगायची त्यांना सवय नव्हती. डाव्या डोळ्याचा पडदा मधोमध झिजला आहे, तिथलं गेलेलं कुठल्याही गोळीनं परत येणार नाही, ते म्हणाले. उजव्यासाठी एक ठरावीक मिश्रण आहे, त्यानं बिघाड लांबवता येतो, पण त्यातही व्हिटॅमिन ई आहे, म्हणून हृदयाच्या डॉक्टरांशी बोलल्याशिवाय ते लिहून देणार नाहीत. तोपर्यंत डबा बंद. मग त्यांनी चौकटी आखलेला एक कागद दिला. रोज सकाळी डावा डोळा झाकून उजव्यानं बघायचं. एक जरी रेघ वाकडी दिसली तर त्याच दिवशी यायचं, कारण तेव्हा लगेच इलाज झाला तर डोळा वाचतो.

बाहेर बाकावर रुचीनं विचारलं, "आई, डाव्या डोळ्यानं माझं तोंड दिसतं?"

बाईंनी उजवा डोळा तळव्यानं झाकला. "कान दिसतात. केस दिसतात. मधलं नाही."

"आणि तुम्ही आम्हाला बोलला नाहीत?"

बाईंनी पदराची कड चाचपली. "नोकरी मी पीयूषसाठी नाही सोडली," त्या म्हणाल्या. "एकदा माझ्या हातून धाग्याचा तंतू असलेली कुपी पास झाली. पुढच्या बाईनं पकडली, म्हणून बरं. मला तो दिसलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी मी राजीनामा दिला. तुम्ही सगळे पीयूषसाठी म्हणालात, आणि मी म्हणू दिलं."

वीस वर्षं रुचीनं या सासूपुढे मान वर केली नव्हती, मनाविरुद्ध कितीतरी गोष्टींना हो म्हटलं होतं. तिला राग आला, आणि या बाईची अतोनात कीवही आली. ती उठली, रिक्षा थांबवली आणि सासूला आधी बसवलं.

त्यानंतर बाई रोज सकाळी खिडकीशी कागद घेऊन बसत. रुची स्वयंपाकघरातून विचारी, बाई सांगत, "सरळ आहेत." अडीच महिने हेच चाललं. रुची दरवेळी हातातलं काम थांबवून त्यांच्या तोंडाकडे बघे, खरं की खोटं ते कळत नसे.

जूनमधल्या एका सकाळी पीयूषची कॉलेजात प्रवेश घ्यायची गडबड, रुचीला बँकेत लवकर पोचायचं, कुकरची शिट्टी व्हायची होती. रुचीनं घाईत विचारलं आणि उत्तराची वाट न बघता वळली. बाईंनी कागद एकदा जवळ घेतला, एकदा लांब धरला. आज काही न बोलणं फार सोपं होतं.

"रुची," त्या म्हणाल्या, "खालची एक रेघ वाकडी दिसतेय."

रुचीनं गॅस बंद केला.