हूं कोणी म्हणायचं?

ग्रँट हा शब्द कानावर पडला की अजूनही माझं टाळकं सटकतं. बायको म्हणते, सोडा ना आता, बीपी वाढंल. कायले सोडू?

मुकुटबनच्या पुढं जंगलाच्या कडेला कोलाम आदिवासींचं एक पोड आहे, म्हणजे लहानशी वस्ती. तिथल्या शाळेत मी मास्तर. पोडावर घरात, बोअरवर, भांडणातसुद्धा कोलामीच चालते. अन् पहिलीचं पुस्तक मराठीत. पोरांनी बोलावं तरी काय? माझ्या वर्गात एक पोरगी होती, ती शाळेत तोंडच उघडत नव्हती. तपासणीला आलेले साहेब "मंद दिसते" म्हणून मोकळे झाले. मंद म्हणे! घरी जाऊन पाहा म्हणावं, आजीचं डोकं खाते ती दिवसभर.

तिची आजी साऱ्या पोडाला गोष्टी सांगते. तिची एक रीत आहे. एक वाक्य सांगायचं अन् थांबायचं. ऐकणाऱ्यानं "हूं" म्हणायचं, मगच पुढचं वाक्य. हूं आलं नाही तर ऐकणारा झोपला असं समजून गोष्ट तिथंच बंद. माझी मायसुद्धा अशाच सांगायची. आजीच्या गोष्टींना हूं म्हणायचा पहिला मान त्या नातीचा. तिथं तिचा आवाज असा खणखणीत की शाळेतली तीच का ही, असं वाटावं.

म्हणून मी मनात घेतलं, या गोष्टींचं कोलामीत चित्रांचं पुस्तक करायचं. शहरातली एक संस्था म्हणाली, एक परदेशी दूतावास अशा कामांना ग्रँट, म्हणजे अनुदान देतो, अर्ज आम्ही करतो. आधी आजीचं शूटिंग, मग पुस्तक. अनुदान मंजूर झालं तसं मी पोरीला सांगून टाकलं, तुझ्या भाषेतलं पुस्तक येऊन राह्यलं. तेव्हापासून ती रोज दारात उभी राहून मला कोलामीत एकच विचारायची, आलं का?

संस्थेचा माणूस आला. पोडावर त्याचं नाव ग्रँटवाला पडलं. गोड बोलणारा, चांगल्या कपड्यातला. त्यानं आजीची प्लास्टिकची खुर्ची उचलायला लावली, तिला जमिनीवर बसवलं. मग म्हणतो, "सर, ही मुलं लांब न्या ना जरा."

"काहून? गोष्ट तेच तर ऐकतात."

"आवाज येतो हो त्यांचा. आणि आपला विषय एकटेपणाचा आहे."

कसला एकटेपणा, डोंबलाचा! अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. पण पुस्तक अडायला नको म्हणून मी राग गिळला अन् पोरांना शाळेत नेऊन बसवलं.

काही महिन्यांनी तयार झालेली फिल्म दाखवायला तो शाळेतच आला. खिडक्यांवर चादरी टांगल्या. सारं पोड दाटीवाटीनं बसलं. भिंतीवर आजी दिसली तसा पोरांनी कल्ला केला, अन् मागं बसलेली खरी आजी पदर तोंडाला लावून हसायला लागली.

भिंतीवरच्या आजीनं एक वाक्य सांगितलं. थांबली. इकडंतिकडं पाहिलं. पुन्हा तेच वाक्य सांगितलं, पुन्हा थांबली. कॅमेरा हळूहळू तिच्या डोळ्यांजवळ गेला, मागं बासरी वाजायला लागली अन् खाली इंग्रजीत अक्षरं आली, त्यांचा अर्थ असा: पुढचं तिला आता आठवत नाही. ही भाषा बोलणारं कुणी उरलं नाही.

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. आठवत नाही? अरे, ती वाट पाहून राह्यली होती! हूं म्हणणाऱ्यांना तूच तर हाकललं, लेका!

तेवढ्यात पुढं बसलेली पोरगी भिंतीकडं पाहून जोरात म्हणाली, "हूं!"

भिंतीवरची आजी ढिम्म. पोरगी पुन्हा म्हणाली, "हूं!"

"शू! बेटा, गप्प बस. फिल्म चालू आहे," ग्रँटवाला म्हणाला.

जिनं शाळेत तोंड उघडावं म्हणून मी जिवाचं रान केलं, तिला हा गप्प बस म्हणतो! मी उठलो अन् प्लग उपटला. चादरी ओढून काढल्या. खऱ्या आजीनं बसल्या जागेवरून पुढचं वाक्य सांगितलं. सारी खोली म्हणाली, "हूं!" गोष्ट पार शेवटापर्यंत झाली. ग्रँटवाला मोबाइल पाहत बसला होता.

"पुस्तकाचं काय?" मी विचारलं.

"सर, त्या पैशातून आता दुसरी फिल्म होईल. आपण अर्जात लिहिलंय ना, मुलं ही भाषा बोलत नाहीत. मग पुस्तक वाचणार कोण, असं दूतावासाचं म्हणणं पडलं."

"अन् असं लिवलं कायले?"

"तसं लिहिल्याशिवाय मिळत नाही हो."

दूतावासवाले तिकडं दिल्लीत. याच्यावर विश्वास ठेवून बसले. पण एकदा इकडं येऊन पाहायला त्यांचं काय जात होतं? एक शब्द कळला नसता, तरी पोरांचा गलका तर ऐकू आला असता!

पोरगी आमच्या मधात येऊन उभी राहिली. ग्रँटवाल्याचा शर्ट ओढून तिनं कोलामीत विचारलं, माझं पुस्तक आणलं का?

तो माझ्याकडं पाहून हसला. "काय म्हणते हो ही?"

"काही नाई," मी म्हटलं. "थे बोललीच नाई. तुमच्या पिक्चरमंधी लिवून हाय ना, हे भाषा बोलणारं कोणी उरलं नाई म्हणून."