बिनपगारी जे.पी.

अमेरिकेतल्या आमच्या फ्रिस्को शहराला महापौर आहे, नगर परिषद आहे, आमच्या सबडिव्हिजनला, म्हणजे वसाहतीला, गवताची उंची मोजत फिरणारी एचओए ही घरमालकांची संघटना आहे. पण आमच्यावर खरं राज्य केलं ते कोपऱ्यावरच्या घरातल्या काकांनी, आणि तेही पाचशे वर्षांपूर्वीच्या इंग्लंडच्या पद्धतीने. जन्मभर पुलांचे नकाशे काढून निवृत्त झाल्यावर या गृहस्थांनी लायब्ररीतून पहिल्या ट्यूडर राजावरचं एक जाडजूड पुस्तक आणलं. लोक निवृत्तीनंतर गोल्फकडे किंवा अध्यात्माकडे वळतात. काका राज्यकारभाराकडे वळले. या राजाकडे खडी फौज नव्हती, पोलीस नव्हते, गादीवरचा हक्कही जरा ओढूनताणूनच होता, तरी त्याने देश चालवला, याचं त्यांना अतोनात कौतुक. "माझी परिस्थिती हुबेहूब तशीच आहे," ते म्हणायचे. हक्काबाबत तरी ते खरं होतं. त्यांना कोणी निवडलं नव्हतं.

राजाची सल्लागार परिषद काकांच्या गॅरेजमध्ये, गाड्या बाहेर काढून, फोल्डिंगच्या खुर्च्यांवर भरायची. त्या राजाने बड्या सरदारांपेक्षा कामाच्या वकिलांवर भिस्त ठेवली, म्हणून काकांनीही तळ्याकाठच्या पाच बेडरूमवाल्यांना वगळून फोन उचलणारी माणसं निवडली. निकष एवढा एकच. काकू पदसिद्ध सदस्य होत्या, आणि चहा त्यांच्या हातात असल्यामुळे सभा कधी संपणार हेही त्याच ठरवत. संसद मात्र क्वचित. राजाला गरज पडली तरच बोलवायची, असा ट्यूडर रिवाज. दिवाळीच्या कार्यक्रमासाठी ती एकदा भरली. चाळीस माणसं, तीन तास, कांदेपोह्यांच्या दोन फेऱ्या, आणि शेवटी जो शनिवार ठरला तो गॅरेजमध्ये आठवडाभर आधीच ठरला होता; हॉलसुद्धा बुक झाला होता. मी तसं म्हटल्यावर काका म्हणाले, "आपण ठरवलं असं त्यांना वाटायला नको का?"

पण त्यांचा खरा जीव जे.पी. लोकांत. पूर्वी मुंबईत शेटजींच्या नावापुढे लागायची तीच ही पदवी, जस्टिस ऑफ द पीस, मूळची इंग्लंडचीच. राजाची गावोगावची कामं हे स्थानिक गृहस्थ बिनपगारी करायचे. काकांनी आमच्या नऊ गल्ल्यांना नऊ जे.पी. नेमले. काम इतकंच की आपल्या गल्लीत कोण राहतं, कोणाचे आईवडील आलेत, कोण आजारी आहे, हे ठाऊक असायला हवं. मला नेमायला आले तेव्हा मी हसलो. पदव्या, मानपान आणि शाली यांची मला लहानपणापासून अ‍ॅलर्जी आहे. पगार किती, मी विचारलं. "पगार दिला की माणूस पगाराएवढंच बघतो," काका म्हणाले. मी पद स्वीकारलं, मित्रांना तो किस्सा रंगवून सांगितला आणि दुसरं काहीही केलं नाही.

त्या ऑगस्टमध्ये माझे वडील कराडहून आले होते. त्यांचं विसरणं नुकतंच सुरू झालं होतं. एका दुपारी मी मीटिंगमध्ये असताना ते दार उघडून बाहेर पडले. फोन टेबलावर, चष्मा टेबलावर, बाहेर एकशे पाच डिग्री फॅरनहाइट. घरं सगळी एकाच साच्यातली, आणि वडिलांचं इंग्रजी चार वाक्यांचं. बायकोने पोलिसांना फोन केला, मी गाडी काढून मोठ्या रस्त्यापर्यंत दोनदा जाऊन आलो आणि मग काकांकडे धावलो. त्यांनी मला गॅरेजमधल्या खुर्चीवर बसवलं आणि फोन लावायला सुरुवात केली. अर्ध्या तासात एकेका गल्लीतून निरोप येत गेले. प्रत्येक जे.पी. दारोदार जाऊन आला होता. कोणाच्या बॅकयार्डचं फाटक उघडं असतं हेही त्यांना माहीत होतं. आठ गल्ल्या, आठ नकार. काकांनी फोन खाली ठेवला.

"तुझ्या गल्लीत किती घरी विचारलंस?"

मी रस्ता पाहिला होता. दार एकही वाजवलं नव्हतं.

"ओळखतोस तरी कोणाला?"

"समोरच्यांना. हाय-हॅलोपुरतं."

"मग ते तिथेच आहेत," काका म्हणाले. "चल."

तिथेच होते. आमच्यापासून चौथ्या घरात, एकट्या राहणाऱ्या एका वृद्ध बाईंच्या दिवाणखान्यात, एसीखाली, हातात बर्फ घातलेला चहा. वडील मराठीत कृष्णेच्या पुराबद्दल सांगत होते आणि बाई मन लावून ऐकत होत्या. कोणाला कळवलं का नाही, असं मी जरा तावातच विचारलं. त्यांना माझा प्रश्नच समजेना. "पाच वर्षांत तुमच्या घरातून पहिल्यांदाच कोणी आलं," त्या म्हणाल्या. "मला वाटलं, भेटायला आलेत." काकांनी माझ्याकडे पाहिलं नाही. ते वडिलांशेजारी बसले आणि त्यांनीही एक ग्लास मागून घेतला.

त्यांनी मला बडतर्फ केलं नाही, की त्या दिवसाचा पुन्हा विषय काढला नाही. दोनदा मी आभार मानायला गेलो. दोन्ही वेळा त्यांनी मला खुर्च्या मांडायला लावल्या. आता काका-काकू मुलीजवळ दूर अ‍ॅशबर्नला राहायला गेलेत, आणि ते आभार माझ्याकडे तसेच पडून आहेत. वडील कराडला असतात. फोनवर मला कधी कधी त्यांच्या धाकट्या भावाच्या नावाने हाक मारतात, आणि ती दुपार त्यांना मुळीच आठवत नाही. पण "त्या बाई बऱ्या आहेत ना?" हे दर रविवारी न चुकता विचारतात. कोण बाई, ते त्यांना सांगता येत नाही. बऱ्या आहेत, मी म्हणतो. आणि खोटं बोलायला नको म्हणून फोन लावायच्या आधी चौथ्या घरी जाऊन येतो.