वेल्डनचा सदरा सडला कसा नाही

व्हर्लीन टब्ज जन्मभर कापसात राहिली. टेक्सासच्या त्या सपाट मुलखात दारापासून क्षितिजापर्यंत दुसरं असतंय काय? पण बाईला एक खोड होती. एखादी वस्तू संपली की ती नेमकी गेली कुठं, हे कळल्याशिवाय तिला चैन पडायचं नाही. शेणाचा पो वाळला तरी काठीनं उलटून बघायची. नवरा वेल्डन म्हणायचा, "देवानं झाकलंय, तर असू दे की झाकलेलं."

वेल्डन वारला. जमीन हिच्या नावावर, कसायचा धाकटा दीर डॉइल. तो नांगरून नांगरून मातीचं पीठ करायचा. वारा सुटला की ते पीठ हिच्या खिडकीत. शेजारची मारिसेला ओंतिवेरोस मात्र नांगर लावतच नव्हती. कापूस निघाला की राय नावाचं धान्य पेरायची आणि त्याच्या धसकटातच पुढचा कापूस लावायची. वसंतात ती म्हणाली, "मिस व्हर्लीन, पुढच्या साली तुमची जमीन मला द्याल कसायला?"

आता आली का पंचाईत? डॉइल तीस वर्षं राबलेला. पण माती मरत असली तर?

माती जिती आहे का बघायची तिथं एक रीत आहे. सुती चड्डी पुरायची, दोन महिन्यांनी उकरायची. मातीत जीव असला तर बुरशी, किडे, सगळे मिळून कापूस खाऊन टाकतात, कमरेचं इलॅस्टिक तेवढं ठेवतात. पण व्हर्लीन पडली चर्चला जाणारी बाई. दिराच्या शेतात चड्डी कशी पुरायची? म्हणून तिथं तिनं वेल्डनचा पांढरा सदरा पुरला, अस्सल सुती. मारिसेलाच्या शेतात जुन्या चादरीचा तुकडा.

जुलैत उकरलं. चादरीचा काठ शिवलेला दोरा तेवढा सापडला, तो सुती नसणार. बाकी नुसती गांडुळं. आणि सदरा? मळलेला, पण बटणासकट शाबूत.

डॉइल घेवडा-भाकरी खात बसला होता. तिथंच हिनं सांगून टाकलं, "तुझी माती मेलीय. हा कापूस निघाला की जमीन मारिसेलाला."

डॉइलनं चमचा खाली ठेवला. "तीस वर्षांचा न्याय सदऱ्याला विचारून केलास होय?"

"सदरा खोटं बोलत नाही."

"वेल्डनचा ना तो? मग बोलेल."

घरी येऊन तिनं सदरा धुतला, दोरीवर टाकला. वाळला तो बिनसुरकुतीचा. ती बघतच राहिली. दोन महिने पुरलेलं कापड, आणि चुणी नाही? तशीच उठून मारिसेलाकडं गेली.

"बिनइस्त्रीचा असेल," मारिसेला म्हणाली. "गिरणीत कापडाला औषध पाजून भाजतात. ते धाग्याला धरून ठेवतं. मग सुरकुती पडत नाही, आणि किड्यांनाही लवकर खाता येत नाही."

"पण आहे ना कापूसच?"

"कापूसच. पण माणसानं त्याला काय चोपडलं, त्यावर तो मातीत कधी मिसळायचा ते ठरतं."

"हे सांगून तू आपलाच घास घालवलास की गं."

"तुम्ही विचारलंत, मी सांगितलं."

व्हर्लीन पीचचा गोड पदार्थ भाजून डॉइलच्या दारात गेली. "चुकले मी. सदऱ्याला औषध लावलेलं होतं. पुन्हा पुरू. एकाच चादरीचे दोन तुकडे, दोन्ही शेतांत. तूच पूर, तूच उकर."

"आणि चड्डी?"

"गप खा."

सप्टेंबरात डॉइलनं स्वतः कुदळ घेतली. मारिसेलाकडचा तुकडा हाती लागलाच नाही. त्याच्या शेतातला निघाला, जाळीदार, भोकं पडलेला, पण निघाला. त्यानं तो उन्हासमोर धरला.

"मेली नाहीय माझी माती," तो म्हणाला.

"नाही. पण अर्ध्या पोटी आहे."

"मग? जमीन कुणाला?"

"कस तूच. पण त्या मातीला जेवायला काय घालणार, ते आधी सांग."

डॉइलनं फडकं खिशात कोंबलं. कुंपणापाशी जाऊन हाक मारली, "मारिसेला, ते रायचं बी एकराला किती टाकतेस?"