वीस नखांचा कुत्रा

आत्यासाठी कुत्रा बघ, असं आतेभावाने पुण्याहून फोनवर सांगितलं, तेव्हाच माझ्या मनात पाल चुकचुकली. एरवी याला आईची एवढी काळजी वाटत नाही. मग एकदम कुत्रा कशाला?

कारण त्याने सांगितलं. गोडदेव गावात आत्याच्या तळमजल्यावरच्या घरात भरदिवसा कोणीतरी शिरून तांब्याचा हंडा उचलून नेला होता. आत्या समोर पलंगावर बसलेली. तिचं म्हणणं, डोळा लागला होता. आतेभावाचं म्हणणं, आता एकटं राहणं पुरे. दोघांचं भांडण झालं आणि शेवटी तोड निघाली ती अशी: घरात भुंकणारा कुत्रा येईल, आत्या त्याला नीट सांभाळेल, तरच ती तिथे राहील. नाहीतर पुणे.

आत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. जन्म गोडदेवचा, लग्नही गोडदेवातच. शेतं गेली, मिठागर गेलं, घरावर बिल्डिंग उभी राहिली, पण ती त्या जागेवरून हलली नाही. पुण्याच्या अकराव्या मजल्यावर ती एकदाच राहिली होती आणि आल्यावर म्हणाली होती, "खाली बगितला का पोटात गोला येतो. तिथं मी मरीन गो."

मला वाटत होतं ते असं, की आतेभावाला हा बेत फसायलाच हवा होता. म्हातारीला कुत्रा झेपणार नाही हे त्याला ठाऊक. मग बॅग भरली की झालं. मी मनाशी ठरवलं, असा कुत्रा शोधीन की याची बोलतीच बंद होईल. माणसांवर माझा विश्वास कमीच. नवरा म्हणतो, मी दूधवाल्याकडेही चोर म्हणून बघते. बघते. दुधात पाणी असतंच.

पण आत्याच्या अटी ऐकून मीच चक्रावले. काळा कुत्रा नको, अशुभ असतो. पायात घुटमळणारा नको. फार लहान नको, फार उड्या मारणारा नको. गळ्यात घुंगरू बांधू देणारा हवा. आणि मुख्य म्हणजे वीस नखी हवा. कुत्र्याला अठरा नखं असतात. एखाद्याला मागच्या पायांत एकेक जास्त असतं, तो राखणीला पक्का, असं आमच्याकडची जुनी माणसं मानतात. मिठागरावर आत्याच्या घरचा एक कुत्रा होता, तांबड्या नावाचा, तो वीस नखी. तो असताना मिठाच्या ढिगाला हात लावायची कोणाची टाप नव्हती म्हणे.

पहिला कुत्रा आमच्याच बेव्हर्ली पार्कमधला. समोरच्या विंगमधल्या बाई घर सोडून चालल्या होत्या. "एकदम शांत है, आंटी. भौंकता ही नहीं," त्या आत्याला म्हणाल्या. न भुंकणारा कुत्रा घेऊन आम्ही काय आरती करणार होतो? तेवढ्यात तो पांढरा गोंडा जो भुंकायला लागला, तो आम्ही लिफ्टमध्ये शिरेपर्यंत थांबला नाही. म्हणजे बाई खोटं बोलत होत्या, हे तरी कळलं. आत्याने त्याचे पाय चाचपले होते. "नखं कमी," एवढंच म्हणाली.

दुसरा लॅब्रॅडोर. विकणारा माणूस पिल्लाची आई दाखवायला तयार नव्हता, तेव्हाच मी उठणार होते. पण आत्या जमिनीवर बसून एकेका पंज्यावरून बोटं फिरवत राहिली. पिल्लाने तिचा पदर ओढला, तिच्या मांडीवरून उडी मारून गेलं, आणि ती भिंतीला धरून उठली. "हा मना पाडनार," ती म्हणाली.

मग माझा संशय तिच्याकडे वळला. वाटलं, हिला कुत्रा नकोच आहे. अटी लावून लावून ती मला दमवतेय, म्हणजे मी नाद सोडीन आणि विषय मिटेल. रिक्षात मी तिला तसं तोंडावर बोललेही. ती रिक्षाबाहेर बघत राहिली. रागावली असावी, असं मला वाटलं.

तिसरा कुत्रा चौक गावात. उत्तनच्या पुढे, समुद्रालगत. तिथल्या एका कोळी बाईंच्या सासऱ्यांचा कुत्रा होता तो. सासरे गेले, घरातले पुरुष बोटीवर, आणि कुत्रा दाराशी बसून राहायचा, धड जेवायचा नाही. "कोना म्हातऱ्या मानसाकरं गेला तं जगंल," त्या म्हणाल्या. फुकट देत होत्या, जाळ्याचा तुकडाही अंथरायला देत होत्या. मला ते सगळं फारच गोड वाटलं. चावरा असणार, नाहीतर आजारी. आमच्या गळ्यात मारतायत. मी त्याचे कान बघितले, दात बघितले, एक बिस्किट देऊन काढूनही घेतलं. त्याने माझ्याकडे नुसतं बघितलं.

कुत्रा काळा कुळकुळीत होता.

अंगणात ताडपत्रीखाली, सावलीत तो बसलेला. आत्या त्याच्याजवळ टेकली. पुढचे पंजे, मग मागचे. तो हलला नाही. मग त्याने हनुवटी तिच्या मनगटावर ठेवली. ती तशीच बसून राहिली, किती तरी वेळ.

"वीस हायत," ती म्हणाली. "हाच. तांबड्याच म्हनू याला."

काळ्याची अट तिच्या लक्षात राहिली नाही, असं मला वाटलं. मी आठवण करून दिली नाही. दिली असती तर पुन्हा नकार, पुन्हा रिक्षा, पुन्हा फिराफिर. आणि नखं मोजायची माझी इच्छा नव्हती.

तांबड्या गोडदेवला रुळला. अनोळखी पाऊल उंबऱ्याशी आलं की भुंकायचा, आत्याच्या पुढे दोन पावलं चालायचा, घुंगरू वाजत राहायचं. मी आतेभावाला फोटो पाठवले. त्याने नुसता अंगठा पाठवला. बघ कसा चिडलाय, मी नवऱ्याला म्हटलं.

एका दुपारी मी न कळवता गेले. तांबड्या मागच्या दाराशी उन्हात झोपला होता. मला ओळखून त्याने शेपटी हलवली, आवाज केला नाही. आत्या पलंगावर डोळे मिटून पडली होती. मी पर्स पलंगाजवळ जमिनीवर टाकली आणि पाणी प्यायला आत गेले. बाहेर आले तर आत्या खाली वाकून माझ्या काळ्या पर्सवरून हात फिरवत होती. "उठ रे तांबड्या," ती म्हणत होती. "भाकर खा."

मी पेला खाली ठेवला. हंडा नेणारा समोरून गेला होता आणि तिला दिसला नव्हता. काळा नको, कारण अंधाऱ्या खोलीत काळा दिसत नाही. पायात घुटमळणारा नको. घुंगरू हवं. नखं तिने कधीच मोजली नव्हती. हात लावल्यावर कोण स्थिर राहतं, एवढंच ती बघत होती.

"आत्या," मी म्हटलं.

ती दचकली. मग हात मागे घेतला आणि पलंगावर बसली. "कलला ना तुला? कवाच्या कवा कलला पायजे व्हता. तुझ्या नजरंतून काय सुटत न्हाय म्हनून त्याला तुलाच सांगाला लावला. मना सोताहून सांगवंना. डोले गेले म्हटला का तो मना नेनार."

सगळ्या गावावर संशय घेतला मी, आणि जिचा हात धरून फिरत होते तिचं कळलं नाही. मला रडू आलं. ती म्हणाली, "आता तू सांगनार त्याला."

सांगणारच होते. पण आधी तिला डॉक्टरांकडे नेलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, पार पिकलेला. ऑपरेशनने दिसेल म्हणाले. मग मी फोन केला. आतेभाऊ रजा काढून आला, तिचे थेंब वेळेवर घालत राहिला. तरी मी त्याच्यावर लक्ष ठेवून होते, आणि ते बरंच झालं. पहिल्या डोळ्याची पट्टी निघाली त्या सकाळी तिची भरलेली बॅग दाराशी होती. थोडे दिवस हवापालट, असं तो म्हणत होता.

आत्या पलंगावर बसून घर बघत होती. भिंत, कॅलेंडर, माझे पिकलेले केस. मग घुंगरू वाजलं आणि तिने खाली बघितलं.

"हा काला हाय," ती म्हणाली.

तिने त्याचा मागचा पंजा उचलून डोळ्यांजवळ धरला, मग दुसरा. "आनि अठराच हायत."

"मग जाऊ दे त्याला परत चौकला," आतेभाऊ हळूच म्हणाला. "तसाही तू आता पुण्याला..."

आत्याने पंजा खाली ठेवला नाही. "मी आंधली व्हती तवा यानं मना परत धाडली काय?" ती त्याच्याकडे बघून म्हणाली. त्याच्या चेहऱ्याकडे, नीट.

मी बॅग उचलून आतल्या खोलीत नेली. आतेभाऊ दारात उभा होता. तो बाजूला झाला.