सासूच्या हाती शिट्टी

शालनताई कुणाच्या घरी गेल्या की सुनेला कधी हाक मारत नसत. ओटीवर सासू तांदूळ निवडत बसलेली असायची. ताईंनी तिच्याशेजारी फतकल मारायची, सुपातले चार खडे वेचायचे आणि गुडघ्यांची विचारपूस करायची. खरं काम असायचं ते सुनेकडे. आमच्या नगरपालिकेत त्या समुदाय संघटक होत्या, आणि बायकांनी संध्याकाळी तासभर मैदानात येऊन खेळावं हा त्यांचा ध्यास होता.

शारीरिक शिक्षणाची पदवी घेऊन मी त्यांच्या हाताखाली लागले. माझे वडील मिठागर सोडून माल वाहणाऱ्या ट्रेलरच्या धंद्यात शिरलेले. "बायांना खेलवाचा पगार? ही काय नोकरी हाय?" असं म्हणायचे. मी मात्र भलतीच जोशात होते. नवा ट्रॅकसूट चढवला, रिक्षावर भोंगा बांधला आणि गावभर पुकारा केला. संध्याकाळी मैदानात मी, भोंगा आणि दोन शेळ्या. शालनताई पोट धरून हसल्या.

"अगं, भोंग्यानं भाजी इकतात. बाई न्हाय येत. चल, सासवांकडं जाऊ."

पहिलं घर हिराबाईंचं. त्यांनी आम्हाला दारातच ठणकावलं, "माजं गुडघं गेलं. मी काय खेलू?"

"खेळू नका मावशी. पंच व्हा," असं म्हणत शालनताईंनी माझ्या गळ्यातली शिट्टी काढून त्यांच्या हातात ठेवली.

आता पंच म्हटला की खेळाडू लागतातच. दुसऱ्या दिवशी हिराबाई सुनेला पुढे घालून हजर. येताना आळीतल्या दोन-चार जणींनाही त्यांनी सोडलं नाही. लंगडी सुरू झाली आणि पहिली शिट्टी वाजली ती सुनेवरच. "बाद!"

"मी नाय बाद! पाय टेकलाच नाय माजा!" सून उसळून म्हणाली आणि स्वतःच घाबरली. सासूला तिनं आजवर उलट उत्तर दिलं नव्हतं.

"मैदानात पंचाशी भांडायची मुभा हाय," शालनताई म्हणाल्या. "घरी नेऊ नका म्हंजे झालं."

सगळ्यांत आधी हसल्या त्या हिराबाई. त्या दिवसापासून तो तास कधी रिकामा गेला नाही.

"ताई, तुम्ही का नाही हो खेळत?" मी एकदा विचारलं.

"मी खेळात रमले तर काठावर उभी ऱ्हायलेली कोणाला दिसंल?"

पुढे त्या निवृत्त होऊन बोर्ली पंचतनला आपल्या गावी गेल्या. त्यांची जागा भरली गेली नाही. मैदानाचं सगळं माझ्यावर आलं, आणि अशातच मला कर विभागात बदली चालून आली. बढतीची वाट तिकडूनच जाते, म्हणून घरचे खूश. माझ्या जागी दुसरं कुणी येणार नव्हतं. मी गेले की तो तास बंद पडणार, हे उघड होतं. काय करावं ते ठरेना, तशी बोर्ली गाठली.

शालनताई आजारी होत्या, पार वाळून गेल्या होत्या. मी सगळं सांगितलं.

"मला इचारू नको. माझ्या शब्दावर ऱ्हायलीस तर पुढं मलाच शिव्या देशील. मला बी वाटायचं की, जावं तिकडं, पंख्याखाली बसावं." थोडा दम खाऊन म्हणाल्या, "पर जाणार असशील तर बायांना आधी सांग. त्या येऊन उभ्या ऱ्हातील नि कोण नसंल, असं करू नको. बाई एकदा तशी माघारी गेली की पुन्हा उंबरा ओलांडत न्हाय."

परतताना एसटीत मला रडू आवरेना. सोमवारी मी बदली नाकारली. हे फोनवर सांगायचं नव्हतं. ऐकताना त्यांचा चेहरा बघायचा होता मला. रविवारी जाणार होते. शुक्रवारी त्या गेल्या.

मी मैदानातच राहिले, हे आता साऱ्या गावाला ठाऊक आहे. फक्त शालनताईंना ठाऊक नाही.