तीन मजली चहा

काकूंना बिचकत हॉटेलात शिरताना मी कधीच पाहिलं नाही. टोकियोतल्या मोठ्या हॉटेलांच्या दारात गणवेशातली माणसं कमरेत वाकून स्वागत करतात. आम्हा नवख्यांची पावलं तिथेच अडखळायची, भलत्याच कुणाच्या लग्नात घुसल्यासारखं वाटायचं. काकू मात्र नारायणपेठी साडी, खाली पांढरे स्पोर्ट्स शूज आणि खांद्याला कापडी पिशवी अशा थाटात सरळ आत जायच्या. "चला गं, टेबल आपलंच आहे," म्हणायच्या.

काका बँकेत होते. तीन वर्षांची बदली लांबत लांबत चौदा वर्षांवर गेली होती. टोकियोजवळच्या ग्योतोकुला आमच्या वस्तीत नवी मराठी मुलगी आली, की महिन्याभरात काकू तिला इंग्रजी पद्धतीच्या दुपारच्या चहाला न्यायच्या. मला वाटायचं, नव्या माणसाला आधी आपल्या माणसांत न्यावं. हे मी त्यांना बोलूनही दाखवलं.

"हळदीकुंकवाला तू कुणी न नेताही येशील," त्या म्हणाल्या. "जिथे बसायची भीती वाटते, तिथे आधी बसून ये."

माझ्या बाबतीत भीती खरी होती. पुण्यात मी शाळेत विज्ञान शिकवत होते, वर्गाला कधी घाबरले नव्हते. नवऱ्याच्या कामासाठी इथे आले आणि कोपऱ्यावरच्या कोम्बिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, दूध घ्यायलाही जाईना, कारण काउंटरवरची मुलगी काय विचारते तेच कळायचं नाही. अशात एक दिवस काकूंचा फोन आला. "शनिवारी मोकळी आहेस ना? मी तरी काय विचारते, तू रोजच मोकळी आहेस. ये घरी, टेबल तू सांगायचंस."

टेबल सांगायचं म्हणजे जपानीत फोन करायचा. मी सगळी वाक्यं देवनागरीत कागदावर लिहून नेली. दोघी, दुपारी दोन वाजता, मांस नको, मासे नकोत. पलीकडच्या बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि कागदावर नसलेलं काहीतरी विचारलं. मी घाबरून फोन काकूंपुढे धरला. काकूंनी दोन्ही हात पाठीमागे बांधले आणि खिडकीतून बाहेर पाहू लागल्या. शेवटी मीच "पुन्हा सांगा, हळू सांगा" म्हटलं. त्या बाई नाव विचारत होत्या. माझ्या तोंडून "काकू" एवढंच निघालं. शनिवारी हॉटेलात "काकू-सामा" असं अगदी आदराने स्वागत झालं तेव्हा काकू इतक्या हसल्या, की पुढे प्रत्येक वेळी टेबल त्याच नावाने ठेवलं गेलं.

मग तो तीन मजली स्टँड आला. खालच्या ताटलीत बोटभर सँडविचेस, मधे स्कोन नावाचे गोडसर पाव, वर केक. आजूबाजूच्या जपानी मुली फोटो काढण्यात गुंतल्या होत्या आणि मी सरळ वरच्या केकला हात घालत होते. "खालून वर," काकू हळूच म्हणाल्या. स्कोन सुरीने कापायचा नाही, हातानेच मधोमध उघडायचा. चमचा कपात गोल फिरवून वाजवायचा नाही, पुढे-मागे न्यायचा. करंगळी ताठ करायची नाही. "ती सिनेमातली फॅशन आहे," त्या म्हणाल्या. मी विचारलं, "बशीत ओतून प्यायलं तर?" काकू गंभीरपणे म्हणाल्या, "घरी मीही तशीच पिते. इथे नाही. ज्याच्या घरचा चहा, त्याच्या घरची रीत."

एकदा शाकाहारी सांगूनही सँडविचमध्ये हॅम निघालं. मी "राहू दे, बाजूला काढू" म्हणत होते. काकूंनी वेटरला बोलावलं, शांतपणे ताटली दाखवली आणि तो सतरा वेळा माफी मागत असताना त्यालाच धीर दिला. तो गेल्यावर मला म्हणाल्या, "तक्रार करताना आवाज खाली आणि मान वर. उलटं केलंस की लोक तक्रार विसरतात, तू आरडाओरडा केलास एवढंच त्यांच्या लक्षात राहतं." त्याच वर्षी मी जवळच्या एका आंतरराष्ट्रीय शाळेत अर्ज केला आणि मुलाखतीत मान वर ठेवून बसले. नोकरी मिळाली.

काही वर्षांनी काकूंचा कप बशीवर वाजू लागला. आधी त्यांनी एसीला दोष दिला, मग झोपेला. डॉक्टरांनी कंपवात सांगितला आणि त्यानंतर काकूंनी चहाचं नाव काढणं बंद केलं. नवी मुलगी आली तरी त्या काही ना काही कारण सांगायच्या. एका संध्याकाळी मी घरी गेले तर स्टीलच्या पेल्यातून चहा पीत होत्या. पेला अर्धाच भरलेला होता.

"मी शिकवलेलं मलाच जमेना, तर तिथे काय शोभा करायची?" त्या म्हणाल्या.

मी वाद घातला नाही. हॉटेलात फोन करून टेबल ठेवलं आणि हातांबद्दलही सांगून टाकलं. हे कळल्यावर काकू भडकल्या. "माझ्या दुखण्याची जाहिरात केलीस?" पूर्ण प्रवासात माझ्याशी बोलल्या नाहीत, पण आल्या.

टेबलापाशी आम्हाला नेहमी वाढणाऱ्या वयस्कर बाई आल्या. त्यांनी काकूंचा कप अर्धाच भरला, कान डावीकडे वळवून ठेवला, कारण डावा हात अजून बरा होता. त्यावर काही न बोलता हवापाण्याच्या गप्पा मारून त्या गेल्या. मग मातीच्या वाडग्यातला हिरवा चहा इथली माणसं पितात तसा कप काकूंनी दोन्ही हातांत धरून उचलला. थोडा चहा टेबलक्लॉथवर सांडला. काकूंनी डागावर रुमाल ठेवला आणि मला विचारलं, "तुझी सातवीतली ती दांडगी मुलं काय म्हणतात?"

मी सांगता सांगता नॅपकिनने डोळे पुसले. "रडायचं असेल तर घरी," काकू म्हणाल्या. "स्कोन गार होतोय."

पुढच्या मार्चमध्ये काका निवृत्त झाले आणि दोघं पुण्याला परतले. विमानतळावर काकूंनी मला जवळ घेतलं. त्यांचा थरथरता हात माझ्या पाठीवर होता.

परवा त्यांचा व्हिडिओ कॉल आला. व्यायामाच्या वर्गात त्यांच्यासारख्याच कंपवाताच्या चार बायका भेटल्या आहेत. त्या चौघींना घेऊन काकू एका मोठ्या हॉटेलात चहाला गेल्या होत्या.

"दोन कप फुटले," त्या आनंदाने सांगत होत्या. "मॅनेजर बिचारा धावत आला. म्हणाला, मॅडम, पुढच्या वेळी कागदी कप देऊ का?"

"मग? तुम्ही काय म्हणालात?"

"म्हटलं, अजिबात नाही. चिनी मातीचेच द्या. आणि पुढच्या वेळी आम्ही आठ जणी आहोत, तेव्हा दोन जास्तीचे काढून ठेवा."